आल्प्सच्या वाटेवर गार्मिन, टॉमटॉम की हातातला मोबाइल?

मुक्कामपोस्ट म्युनिक:
ऑगस्टमध्ये गाडी घेऊन म्युनिकहून ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड करत इटलीत उतरायचंय. त्यासाठी वेगळा जीपीएस घ्यावा असं माझं ठाम मत झालंय, घरचे मात्र वेड्यात काढतायत. अहो, भर उन्हात काचेला लावलेला मोबाइल तापून मान टाकतो. ऐन फाट्यावर कुणाचा तरी फोन येतो आणि वळण हुकतं ते वेगळंच. गार्मिन काय, टॉमटॉम काय, दोन्ही कंपन्यांच्या जीपीएसचे नकाशे यंत्रातच असतात, रेंजची कटकट नाही. मी गार्मिनकडे झुकलोय, कुठली लेन धरायची ते झकास दाखवतो.

चक्रधर:
पैसे वर आलेत का? गूगलचा नकाशाही आधी उतरवून ठेवता येतो. मोबाइललाही जीपीएस थेट उपग्रहांकडूनच मिळतो, त्याला सिम लागत नाही. तापतोय तर एसीच्या जाळीला अडकवा.

रस्तापेठ:
चक्रधर, नकाशा उतरवाल हो, ट्रॅफिकची ताजी खबर कुठून उतरवणार? सुट्टीतल्या शनिवारी ऑस्ट्रिया-इटली सीमेवरच्या ब्रेनर खिंडीत काय रांग लागते ते पाहिलंय का? शिवाय स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तिथलं रोमिंग तुमच्या प्लॅनमध्ये आहे का ते आधी बघा. टॉमटॉमच्या काही वरच्या मॉडेलांत सिम आतच असतं, ट्रॅफिक त्यावरूनच येतो. गार्मिनच्या काही मॉडेलांना ट्रॅफिक डिजिटल रेडिओवरून मिळतो, बाकीच्यांना मोबाइल जोडावाच लागतो. म्हणून माझं मत टॉमटॉमला.

चक्रधर:
म्हणजे अडीचशे युरो मोजून पुन्हा मोबाइलच जोडायचा! आणि स्वित्झर्लंडमधला गोटहार्डचा बोगदा जवळजवळ १७ किलोमीटरचा आहे. आत तुमच्या यंत्राला तरी कुठला उपग्रह दिसणार?

रस्तापेठ:
बोगद्यात वळायचंय कुठे तुम्हाला?

आगाऊ कार्टी:
तुम्ही दोघं ज्या ट्रॅफिकवर भांडताय तोच ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात गोत्यात आणतो. पुढे रांग दिसली की यंत्र म्हणतं, महामार्ग सोडा, गावातून चला, दहा मिनिटं वाचतील. त्या गावांनी वैतागून ओरड केली आणि २०१९ पासून मोसमातल्या शनिवार-रविवारी अशा पळवाटांवर नुसत्या पुढे जाणाऱ्या गाड्यांना बंदी आली. पोलीस महामार्गावरून बाहेर पडायच्या फाट्यावरच अडवून परत महामार्गावर पाठवतात. तेव्हा यंत्र कुठलंही घ्या, तिथे रांगेतच थांबा. दुसरं म्हणजे, वेगाच्या कॅमेऱ्यांची सूचना बंद ठेवा. जर्मनीत चालवताना ती वापरली तर ७५ युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या खात्यात, म्हणजे चालकांच्या गुन्ह्यांच्या नोंदवहीत, एक दंडाचा गुण. मोबाइलवरचं ॲपही त्यात आलं, चक्रधर. स्वित्झर्लंडमध्ये तर आणखी कडक, यंत्र जप्तही होतं.

मुक्कामपोस्ट म्युनिक:
कॅमेऱ्यांचं ठाऊक नव्हतं, आभार. तरी घेणार गार्मिनच. ट्रॅफिकसाठी बायकोचा मोबाइल जोडीन, माझा खिशात थंड राहील.

चक्रधर:
घ्या बापडे. फक्त निघायच्या आदल्या रात्री डबा फोडू नका. अख्ख्या युरोपचे नकाशे अपडेट व्हायला तासन् तास लागतात.