मदत हवी आहे : बंद फ्लॅटमधल्या पिंपाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत दोघांना डेंग्यू झालाय. महापालिकेच्या आरोग्य खात्याची माणसं येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, टाक्या सगळं तपासून गेली. पण वरचा फ्लॅट वर्षभर बंद आहे आणि त्याच्या टेरेसवरचं उघडं पिंप पावसाने भरलंय. मालक परदेशात, फोन उचलत नाहीत. अंड्याचा डास व्हायला 8-10 दिवस पुरतात, त्यामुळे एकदा ओतून भागणार नाही. धूरफवारणी मागितली तर म्हणाले, त्याने उडते डास मरतात, अळ्या नाहीत (खरंच आहे म्हणा). मग अशा घराला नोटीस कोण देतं, वॉर्डातला आरोग्य निरीक्षक की हिवताप विभाग? आम्हीच कुलूप तोडलं तर अंगाशी येईल का? कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर पाठवा ना.