नवस केला, देव गप्पच राहिला: तुमचे अनुभव?

शेवंती: काल साड्यांचं कपाट आवरताना सासूबाईंचं हळदीचं फडकं सापडलं. गाठ सोडली तर आत सव्वा रुपया. एक बंदा रुपया, एक पावली. लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्यांनी काढून ठेवला होता, पाळणा हलला की तुळजापूरला ओटी भरायची म्हणून. पाळणा काही हलला नाही. 2011त पावली चलनातून गेली, मग सासूबाईही गेल्या. गाठ त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती आणि मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. मी मात्र देवीशी वर्षभर अबोला धरला होता. घट बसवायचे, पण तिच्याकडे बघायचं नाही. आता हसू येतं. तुमचं असं काही असेल तर लिहा.

खमंग_काकडी: अगं बाई. माझंही आहे, पण कुकर लावलाय, आलेच.

एसटीचा_पास: आईचं एकच, गुडघे बरे झाले की पंढरपूर, पायावर डोकं ठेवायचं. सात वर्षं. गुडघे काही बरे झाले नाहीत. 2024च्या एप्रिलात व्हीलचेअरवरून नेलं तर गाभाऱ्याचं काम चालू, पदस्पर्श बंद, नुसतं मुखदर्शन. माझं डोकंच फिरलं. आई म्हणते, "अरे अठ्ठावीस युगं उभाय तो, त्याचेही पाय दुखत असतील. राहू दे."

शेवंती: 😂 आईंना नमस्कार सांगा.

वसईकर_बाय: आम्ही वांद्र्याच्या मोत माउलीला दर सप्टेंबरात मेणाचं घर वाहतो. स्वतःचं घर व्हावं म्हणून. इतकी घरं वितळली की एक सोसायटी उभी राहिली असती. अजून भाड्यानेच आहोत. मिस्टर म्हणतात यंदा वन बीएचके घेऊया, माउलीला परवडेल असं.

निळाशाई: 2021चा एप्रिल. बाबांना ऑक्सिजन बेड मिळेना, मी रिक्षात बसून जप करत होते. बेड मिळाला तेव्हा उशीर झाला होता. जपमाळ अजून पर्समध्येच आहे. ओढत नाही, टाकवतही नाही.

शेवंती: निळाशाई 🫂 इथे कुणी तुला समजवायला येणार नाही.

दत्तूचा_चहा: पावली बँकेत बदलून मिळेल का आता?

एसटीचा_पास: नाही हो, केव्हाच मुदत संपली.

दत्तूचा_चहा: मग दानपेटीत टाका. देवी काय रिझर्व्ह बँक आहे?

वसईकर_बाय: शेवंती, फडक्याचं काय केलंस मग?

शेवंती: गाठ मारून परत ठेवलं. त्यांची मारायची पद्धत जमत नाही, दोनदा सुटली.

खमंग_काकडी: आले. डाळ लागली खाली. कुठवर आलंय?