३१ वा आठवडा, पोट सारखं कडक होतंय, खऱ्या कळा की खोट्या?

पहिलटकरीण:
नमस्कार, माझी पहिलीच वेळ आहे, ३१ वा आठवडा चालू आहे. काल दुपारपासून पोट मधेच दगडासारखं कडक होतं आणि अर्ध्याएक मिनिटात परत सैल पडतं. दुखत नाही फारसं, पाळी यायच्या आधी ओटीपोट कसं जड होतं ना, साधारण तसं. कंबरही धरलीय. रात्री आडवी झाले तेव्हा थांबलं म्हणून झोपले, आज सकाळपासून परत तेच. घरात सगळे म्हणतात या महिन्यांत असं होतंच. डॉक्टरांना फोन करायचा आणि नंतर काहीच निघालं नाही तर ओशाळल्यासारखं होईल. खऱ्या कळा म्हणजे भयंकर दुखणारच ना? मग माझ्या खोट्याच असणार, बरोबर?

दोनदा_आई:
अगं घाबरू नकोस, ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात त्याला, गर्भाशय रंगीत तालीम करतं म्हण. मला दोन्ही वेळी होतं. दोन दिवस नुसती पडून राहा, जाईल.

चिऊची_आई:
नको गं, दोन दिवस थांबू नकोस. मला ३३ व्या आठवड्यात असंच झालं होतं आणि मी पण दुखण्याचीच वाट बघत बसले होते. पोटात काही नव्हतंच मुळी, नुसती कंबर, ती पण लाटेसारखी, यायची आणि जायची, आणि मला वाटलं दिवसभर खुर्चीत बसून झालं असेल. संध्याकाळी कपडे ओले झाले तर म्हटलं हल्ली शिंकलं तरी लघवी होते, तेच असेल. बदलले, परत ओले. मग नवरा म्हणाला चल बाई. गेले तेव्हा गर्भाशयाचं तोंड ३ सेंटीमीटर उघडलेलं आणि ते पाणी पाणमोटेचंच होतं. लगेच बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, २४ तासांनी दुसरं, आणि कळा तेवढा वेळ लांबाव्यात म्हणून गोळ्या. दुसरं इंजेक्शन झालं त्याच रात्री ती बाहेर आली! १९०० ग्रॅम. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, १७ दिवस होती. आता ठणठणीत आहे पण ते "कंबर दुखतेय जरा" म्हणत घालवलेले सहा तास मला अजून आठवतात.

लेबररूम_रात्रपाळी:
मी प्रसूती विभागात नर्स आहे. आधी हे कर, पुढचं नंतर वाच: दोन दिवस हे चाललंय, वर कंबर आणि ओटीपोट जड, म्हणजे आत्ताच डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलच्या लेबर रूमला फोन लाव आणि असंच्या असं सांग.

केला? आता पुढचं. दुखण्यावरून खरी-खोटी ठरत नाही. आम्ही पण नुसतं बघून सांगू शकत नाही, आतून तपासावं लागतं, कारण खरी कळ म्हणजे जिच्यामुळे गर्भाशयाचं तोंड आखडतं आणि उघडतं ती. घरी एवढंच बघता येतं की ती कशी येते. खोटी कळ लहरी असते, कधी दहा मिनिटांनी कधी तासाने, कूस बदलली, लघवीला जाऊन आलं, ग्लासभर पाणी प्यायलं की बहुतेक वेळा विरते. खरी विरत नाही, अंतर कमी होत जातं, जोर वाढतो. हात ठेवून बघ, पोट गालासारखं मऊ लागतं की कपाळासारखं टणक. मोजायचं ते एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत, पुष्कळ जणी पहिली संपल्यापासून मोजतात आणि गणित चुकतं. ३७ आठवड्यांच्या आत तासाला ४ किंवा जास्त वेळा कडक झालं तर कळवायचंच, दुखो न दुखो.

आणि पाणी गेलं, रक्त गेलं, ताप आला, बाळाची हालचाल कमी वाटली, खाली दाब आला जणू बाळ खाली ढकलतंय, किंवा अंगावरून जाणं एकदम वाढलं, पातळ किंवा शेंबडासारखं झालं, तर मोजत बसू नये, सरळ निघावं. पाणी गेल्यासारखं वाटलं तर पॅड लाव, रंग बघ, आणि आतून बोट वगैरे घालून तपासू नकोस.

दोनदा_आई, तुमचा राग नाही पण नुसतं पडून राहिल्याने वेळेआधीची प्रसूती टळते असं दिसलेलं नाही, उलट फार दिवस झोपून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते.

लवकर या म्हणतो त्याचं कारण चिऊच्या आईने सांगितलं तेच. कळा थांबवायच्या औषधांनी महिने मिळत नाहीत, साधारण दोन दिवस मिळतात. पण ते दोन दिवस म्हणजेच स्टिरॉइडला काम करायला लागणारा वेळ. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोन डॉक्टरांनी स्टिरॉइडचं हे काम पहिल्यांदा बायकांवर करून दाखवलं, त्याआधी मेंढीच्या कोकरांवर लक्षात आलं होतं, मला फार आवडते ही गोष्ट. तोंड ७-८ सेंटीमीटर उघडल्यावर कोणी आलं की हातात काही उरत नाही. ओशाळायचं म्हणशील तर आमच्याकडे रात्री दोनला येऊन पहाटे घरी परत जाणाऱ्या कितीतरी असतात, त्यांची आठवणसुद्धा राहत नाही आम्हाला.

दोनदा_आई:
बरोबर आहे ताई, माझे दिवस भरत आले होते तेव्हा, ३१ वाचलंच नाही मी नीट. जा गं आधी.

पहिलटकरीण:
जाऊन आले. फोनवर अर्धं ऐकूनच या म्हणाले. पोटाला पट्टा लावून तासभर कागदावर रेघा काढल्या, कळा येत होत्या पण वेड्यावाकड्या. आतून सोनोग्राफी केली, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी ३४ मिलिमीटर, २५ च्या खाली असती तर काळजी होती म्हणे. आणि लघवीत इन्फेक्शन निघालं! मला जळजळ वगैरे काहीच नव्हती. त्यानेही गर्भाशय चिडतं म्हणाल्या डॉक्टर, अँटिबायोटिक सुरू केलंय, आठवड्याने परत लघवी तपासायची. इंजेक्शन आत्ता नाही, पण परत नियमित झालं तर त्याच पावली यायचं. आज दुपारपासून दोनदाच झालं. चिऊची_आई, तुझं ते ओल्या कपड्यांचं वाचलं आणि उठलेच.

चिऊची_आई:
बरं झालं. पॅड घरात आणि फाइल दाराशी ठेव, आम्ही फाइल शोधण्यात वीस मिनिटं घालवली होती.