मुरबाडकडे रेंज नाही, वाशीचा निरोप वेळेत पोचत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी कळव्याला असतो. आई-बाबा मुरबाड तालुक्यात, टोकावड्याहून आत. भात निघालं की भेंडी करतात. माल वाशीच्या भाजी मार्केटला जातो. तिथला धंदा पहाटेचा, म्हणून टेम्पो संध्याकाळी सातलाच गावातून निघतो.

घोडं अडतं रेंजपाशी. घरात एखादी काडी येते आणि जाते. बाबा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगणातल्या आंब्याला टांगतात. रिंग ऐकू येते, पण पिशवीची गाठ सुटेपर्यंत कट!

गेल्या मंगळवारी दलालांनी दुपारी चारलाच मेसेज टाकला होता, "वाशीत आवक फार आहे, आज कल्याणला पाठवा." (माणूस भला आहे, नाहीतर कोण कळवतं?) बाबांना तो दिसला बुधवारी सकाळी, टोकावड्याला गेल्यावर. पट्टी (विक्रीचा हिशोब) आली तेव्हा भाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात ४१० रुपये. बरं, तोडा लांबवावा तर भेंडी जून होते.

ऑनलाइन रेंज वाढवणारे बूस्टर मिळतात, ते घ्यावेत का? टॉवरसाठी कुणाकडे जायचं? ग्रामपंचायतीत फायबर आली आहे, आमच्या घरापासून अर्धा किलोमीटरवर. तिथून घरी लाइन मिळते का?

प्रतिसाद १:
बूस्टरच्या भानगडीत पडू नका. परवान्याशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, शिवाय आजूबाजूच्यांची रेंज बिघडते ती वेगळीच. पंचायतीतली फायबर बहुतेक भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेणारी सरकारी योजना) असेल. त्यावरून घरगुती जोडणी देता येते, तुमच्याकडे ती कोण देतं ते ग्रामसेवकांना विचारा. वायफाय आलं की फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. टॉवरची रेंज नसली तरी नेहमीच्या नंबरवरच फोन येतो, दलालांना काही वेगळं सांगावं लागत नाही. टॉवरची तक्रार आधी कंपनीकडे करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायकडे (दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था) धावू नका, ते एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाहीत.

धागाकर्ता:
आभारी आहे. वायफाय कॉलिंग डोक्यातच आलं नव्हतं. बाबांचा फोन बटणांचा आहे, त्यांना माझा जुना देतो. आता एकच सांगा, आमच्याकडे लाइट संध्याकाळीच जाते, नेमकी टेम्पोच्या वेळेला. राउटरला छोटी बॅटरी कुणी लावली आहे का? किती वेळ टिकते?