ऊसतोडणीच्या बायकांसाठी सीएसआर शिबिरं : उपयोग काय?

फडकरी :
आमचा ऊस ज्या खाजगी कारखान्याला जातो, त्यानं परवा तोडणी कामगारांच्या अड्ड्यावर आरोग्य शिबिर घेतलं. बॅनर, लोहाच्या गोळ्या, पॅडची पाकिटं, सगळं सीएसआरमधून, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चातून. वेळ सकाळी 11. त्या वेळी सगळे कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, फडात! कोप्यांवर (तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवर) होती ती लेकरं आणि म्हातारी माणसं. फोटो त्यांचेच निघाले.

2019 साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांवर जणींची पिशवी (गर्भाशय) काढलेली निघाली. पाळीत अंगावर जातंय म्हणून बाई कोपीवर थांबली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आमच्याकडे दिवसाला 500. त्यात डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, मग बाई पिशवीच काढून टाकते. शिबिर राहू द्या, आजारपणाचा खाडा बंद करा.

दोनकांडी :
वेळ चुकली म्हणून शिबिरच नको? रात्री 8 ला घ्या, डॉक्टरची गाडी फडावर न्या. आणि खाडा टोळी आणणारा मुकादम लावतो, कारखाना नाही. उचल (हंगामाआधीचा आगाऊ पैसा) घेऊन टोळीच आली नाही की कारखान्याचे आणि वाहतूकदाराचे लाखो बुडतात, त्यावर कुणी धागा काढत नाही.

कलमबहाद्दर :
मुकादमाला पैसा कुठून येतो, तेही सांगा की.
कंपनी कायदा 2013, कलम 135 : ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्चायचे. सहकारी कारखाने कंपनी नाहीत, त्यांना हे लागूच नाही. खरी गंमत पुढे आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे तोडणीवाल्यांवरचा खर्च त्यात दाखवला की कारखान्यानं लिहूनच दिलं, ही माणसं आमची नव्हेत. उसाच्या कांडीवर गाळप चालतं, ती तोडणारी बाई मात्र 'लाभार्थी'!

दोनकांडी :
कागदाचा कीस पाडून कुणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही.

पाचटातली :
मी कोपीत वाढले. आईची पिशवी 29 व्या वर्षी काढली. खर्च 35 हजार, उचलीत धरला, फेडायला दोन हंगाम गेले. तेव्हा एखादी डॉक्टरीण अड्ड्यावर आली असती तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. पैसा कुठल्या खात्यातला, हे आईनं विचारलं नसतं. पण तपासायला म्हणून ती फड सोडूनही आली नसती, खाडा पडला असता ना. पहाटे 4 ला निघायची, रात्री गाडी भरून यायची. तुम्ही दोघं निम्मं निम्मं बोलताय.

फडकरी :
रात्री 8 चं पटलं. उद्या स्लिपबॉयमार्फत (कारखान्याचा फडावरचा माणूस) शेतकी अधिकाऱ्यांच्या कानावर घालतो. खाड्याचं मात्र मी सोडणार नाही.