तिफणीचं दिंड का चिरतं

तिफणीचं, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचं, 1:10 मापाचं लाकडी मॉडेल करताना कडेचा फण (जमिनीत जाणारा दात) ठोकला की दिंड (फण बसवायचं आडवं लाकूड) चिरतं, आणि म्हणून बाल्सा (अगदी हलकं, मऊ लाकूड) वापरावा का, असं एका वाचकाने विचारलंय. बाल्सा नको. त्यात पाचर धरत नाही, दाबली की भोक मोठं होतं. सागवानाची जुनी, वाळलेली पट्टी घ्या. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलं लाकूड आकसतं आणि सगळे सांधे ढिले पडतात.

चिरण्याचं कारण कडेचं भोक. आपल्याकडच्या रब्बी ज्वारीचं 45 सेंमी अंतर धरलं तर फण 4.5 सेंमीवर येतात. दिंड नेमकं मापाला कापून मग भोक पाडलं की टोकाला लाकूडच उरत नाही, रेषेवर फाटतं. पट्टी 16 सेंमी ठेवा, 3 मिमीच्या ड्रिलने भोकं पाडा, बारीक कानसीने चौकोनी करा, फण बसवून बघा आणि शेवटी 12 सेंमीला कापा. फणाच्या लाकडाच्या रेषा उभ्याच हव्यात. आडव्या असल्या तर तो मानेत मोडणारच.

चाड्यातून (बी टाकायच्या वाटीतून) फणांपर्यंत बी नेणाऱ्या नळ्यांकडे मात्र नीट लक्ष द्या, बहुतेक मॉडेलं इथेच खोटी दिसतात. तिन्ही सारख्या लांबीच्या कापल्या की चाडं खाली ओढलं जातं. चाडं 6 सेंमी उंचीवर असेल तर मधली नळी 6 आणि कडेच्या साधारण 7.5 सेंमी. चाड्याची कडेची भोकंही त्याच तिरकसपणात पाडा, नाहीतर नळी तोंडाशी अडते.

फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या. चकचकीत वॉर्निश नको, जवसाच्या तेलाचा एक हात पुरतो.