परभणी सोडून कुठे राहायला जावे : छत्रपती संभाजीनगर, पुणे की हैदराबाद?

प्रश्न (परभणीची एक वाचक)

सर्वांना नमस्कार. मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी ही पदवी घेतली असून लग्न आणि मुलीच्या जन्मामुळे थांबलेले शिक्षण आता पुढे न्यायचे ठरवले आहे. वनस्पती पैदासशास्त्रात (पिकांचे नवे वाण तयार करण्याच्या शास्त्रात) एम.एस्सी. करायची, जमल्यास पुढे पीएच.डी. करायची आणि बियाण्यांच्या संशोधनात काम मिळवायचे, असा विचार आहे. यजमान वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत आणि साप्ताहिक सुटीला घरी येतात. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, तोपर्यंत तिघांनी एका गावात बस्तान बसवावे अशी दोघांचीही इच्छा आहे. सासू-सासरे आणि थोडी शेती परभणीजवळ असल्याने अडीअडचणीला एका रात्रीत पोहोचता आले पाहिजे, ही अट मात्र कायम आहे.

संभाजीनगरला यजमानांची नोकरी तशीच राहते, पुण्यात त्यांना पगार वाढवून मिळण्याची शक्यता आहे आणि हैदराबादला माझ्या विषयातील संस्था सर्वांत जास्त आहेत. तिन्ही शहरांपैकी काय निवडावे, हे या शहरांत प्रत्यक्ष राहिलेल्यांनी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी सांगितल्यास फार मदत होईल.

उत्तर १ (बियाणे क्षेत्रातील संशोधक, जालना)

ताई, आपण शहरापासून सुरुवात केली आहे. माझी विनंती अशी की आधी पीक ठरवावे, कारण पैदासशास्त्रात माणूस पिकामागे जातो. गहू किंवा सोयाबीनवर काम करायचे असेल, तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था डोळ्यांपुढे ठेवावी. तिने दिलेले सोयाबीनचे ‘एमएसीएस’ वाण आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. तूर असेल, तर ‘बीडीएन ७११’ हा वाण देणारे बदनापूरचे संशोधन केंद्र घराजवळच आहे. ज्वारी किंवा इतर भरडधान्ये असतील, तर हैदराबादच्या राजेंद्रनगरमधील भारतीय भरडधान्य संशोधन संस्था आणि पाटणचेरूची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांना तोड नाही. इक्रिसॅट १९७२ पासून कोरडवाहू पिकांवर काम करते. ती स्वतः पदवी देत नाही, पण विद्यापीठात नाव नोंदवलेले विद्यार्थी प्रबंधाचे काम तिथे करू शकतात. ज्वारीच्या बाबतीत आपले विद्यापीठही कमी नाही. लोह आणि जस्ताचे प्रमाण वाढवलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये आला, तो इक्रिसॅट आणि परभणी यांच्या एकत्रित कामातूनच.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश एकाच सामाईक परीक्षेतून होतात. आपण पसंतीक्रम भरता, पण जागा परभणी, राहुरी, अकोला किंवा दापोली यांपैकी कुठे मिळेल, हे गुण ठरवतात. राज्याबाहेर जायचे असल्यास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय परीक्षा वेगळी द्यावी लागते. तेलंगणातील राज्य विद्यापीठांत स्थानिकांसाठी जागांचा मोठा वाटा राखीव असतो, म्हणून बाहेरच्या विद्यार्थ्याला ही अखिल भारतीय वाटच धरावी लागते. सांगायचे एवढेच की जागा हातात येईपर्यंत कुठल्याही शहरात घराची अनामत रक्कम भरू नये आणि मुलीचा शाळाप्रवेशही पक्का करू नये.

आणखी एक बाब प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही आणि संसार असलेल्या विद्यार्थिनीला तीच सर्वांत जड जाते. ज्वारी फुलोऱ्यात येण्याआधी निवडलेल्या प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवावी लागते, नाहीतर शेजारचे परागकण येऊन वाणाची शुद्धता जाते. संकर करायचा असेल, तर आदल्या दिवशी फुलांतील पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण ताजे असतानाच ते टाकायचे. हे काम रोज चालते, त्यात रविवार नसतो. म्हणून घर प्रयोगाच्या शेतापासून लांब असून चालणार नाही.

आपल्या यादीत जालना नाही, याचे मला आश्चर्य वाटले. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि आज बियाण्यांचा व्यवसाय म्हटले की जालन्याचे नाव निघतेच. पदवीनंतरच्या नोकरीसाठी आपल्याला जालना आणि हैदराबाद हीच दोन मोठी दारे आहेत.

उत्तर २ (वाळूजमधील अभियंता)

यजमानांच्या बाजूने लिहितो. त्यांच्या कामाला चाकण आणि रांजणगावला जास्त वाव आहे, यात शंका नाही. पण चाकणची पाळी आणि पुण्याच्या मध्यभागातील संस्था ही दोन टोके सांभाळताना रोजचे कित्येक तास रस्त्यावर जातील आणि वाढलेला पगार घरभाड्यात जाईल. हैदराबादला औषधनिर्मिती आणि विमानांच्या सुट्या भागांचे कारखाने पुष्कळ आहेत. गुणवत्ता विभागाचा अनुभव तिथे चालतो, पण वाहन उद्योगातली ओळख आणि ज्येष्ठता मागे राहते.

संभाजीनगरची सर्वांत मोठी अडचण पाण्याची आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जायकवाडी इतके जवळ असूनही नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि सातारा-देवळाई भागातील अनेक वसाहतींत दारापुढे निळे ड्रम मांडून टँकरची वाट पाहावी लागते. घर बघताना खोल्यांच्या आधी टाकी आणि बोअर यांची चौकशी करावी.

वरच्या उत्तरातील जालन्याचा मुद्दा मला पटतो, मात्र वाळूज शहराच्या पश्चिमेला आहे. जालन्याहून रोज अख्खे शहर ओलांडून वाळूज गाठणे जमणार नाही. चिकलठाणा आणि शेंद्रा मात्र जालना रस्त्यावरच आहेत. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रात वाहन उद्योग वाढत आहे आणि बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. त्यामुळे त्यांनी आतापासून शेंद्र्यातील जागांवर लक्ष ठेवावे.

उत्तर ३ (मूळ नांदेडची, सध्या हैदराबाद)

घरी पोहोचण्याची काळजी असेल, तर हैदराबाद परके वाटणार नाही. सिकंदराबादहून नांदेड, परभणीमार्गे गाड्या जातात आणि रात्री बसले की सकाळच्या आत माणूस घरी असतो. १९४८ पर्यंत आपण एकाच संस्थानात होतो, त्यामुळे इथे मराठी घरे, मराठी शाळा आणि ग्रंथालयही जुने आहे.

विचार करायचा तो मुलीच्या शाळेचा. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा झाला आहे. पहिलीत आलेले मूल ती भाषा सहज उचलते. पण दोन वर्षांनी महाराष्ट्रात परतायचे असेल, तर तिला एकाच वयात दोनदा नव्याने रुळावे लागेल. म्हणून यायचे तर पीएच.डी. आणि नोकरीसह दीर्घ मुक्कामाच्या तयारीने यावे.

प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. पीक विचारले होते, तर ते रब्बी ज्वारी आहे. आमच्या शेतात मालदांडी या वाणाची ज्वारीच असते आणि तिच्यावरच काम करायची इच्छा आहे. यजमानांना शेंद्र्याची कल्पना आवडली.

उत्तर १ (बियाणे क्षेत्रातील संशोधक, जालना)

रब्बी ज्वारी असेल, तर पसंतीक्रमात परभणी पहिली ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. एम.एस्सी. दोन वर्षांची, त्यात रब्बीचे हंगाम दोनच मिळतात आणि एक वाया गेला की प्रबंध वर्षभर लांबतो. आपल्या परिस्थितीत प्रयोगाचे शेत, सासरचे माणूस आणि मुलीची शाळा एका गावात असणे याचे मोल पुण्याच्या पगारापेक्षा जास्त आहे. तिघांनी एकत्र राहण्याची इच्छा त्यामुळे दोन वर्षे पुढे जाईल, हे मला कळते. पण तेवढ्या काळात यजमानांना वाळूजहून शेंद्र्याला बदल शोधता येईल आणि नंतर जालन्यात घर केले, तर दोघांच्याही नोकऱ्या टप्प्यात राहतील. इक्रिसॅटमध्ये प्रबंधाचे काही काम करता येईल का, हे मार्गदर्शक ठरवतानाच विचारून घ्यावे. तसे झाले, तर हैदराबादची ओळख बिऱ्हाड न हलवताच होईल आणि पीएच.डी.साठी तिकडे जायचे की नाही, हे तेव्हा तिथले काम पाहून ठरवता येईल. राज्याची आणि अखिल भारतीय अशा दोन्ही परीक्षांचे अर्ज मात्र भरावेत.